मागचा स्वे बार बदलल्यावर येणारा ठकठक आवाज: माझा अनुभव

ताम्हिणी घाटातील वळणांवर गाडीचे नाक बाहेर ओढले जाऊ नये म्हणून मागे १६ऐवजी १९ मिलिमीटरचा भरीव स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांचे सस्पेन्शन जोडून वळणावर गाडीचे कलणे कमी करणारी स्टीलची दांडी) बसवला. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढत असल्याने तो जवळपास दुप्पट झाला, पण एकच चाक खड्ड्यात गेले की मागून ठक्क आवाज येई. शॉकअब्सॉर्बर तपासले, बारभोवतीच्या लवचीक बुशांना सिलिकॉन ग्रीस लावले, तरी फरक नाही. अगदी वैताग आला होता.

दोष लिंकच्या (बारचे टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीच्या) नटात निघाला: पान्याबरोबर लिंकच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा (फिरत्या गोलाकार सांध्याचा) दांडाही फिरत असल्याने नट घट्ट झाल्याचा नुसता भास होई. गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी केली, नट सैल केले, बार मधोमध आणून आधी बारला गाडीशी धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट आवळले, मग दांडा ॲलन कीने धरून नट गाडीच्या पुस्तिकेतील टॉर्कइतके (आवळण्याच्या ठरावीक जोराइतके) आवळले. आवाज थांबला.