घंटागाडीवरच्या माणसांना दिवाळीची पोस्त कशी द्यावी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर येथील कॉलन्यांमध्ये दूधवाला, पेपरवाला, वॉचमन यांच्यासोबत घंटागाडीवरच्या माणसांना पोस्त काय द्यायची, हा विषय निघतोच. दूधवाल्याचे नाव घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. घंटागाडीवरच्या माणसाला मात्र बहुतेक घरे ‘ओ गाडीवाले’ एवढ्याच नावाने ओळखतात. म्हणून तयारीची सुरुवात पैशांपासून न करता नावांपासून करावी. गाडीचा चालक, मागे उभा राहून कचरा घेणारा मदतनीस, भल्या पहाटे रस्ता झाडणाऱ्या ताई आणि गटार काढणारे भाऊ ही वेगवेगळी माणसे असतात, आणि गटारवाले रोज दिसत नसल्यामुळे यादीतून नेमके तेच सुटतात. नावे विचारतानाच ते पालिकेच्या कायम सेवेत आहेत की ठेकेदाराकडे, हेही सहज कळते. कायम कामगारांना पालिकेकडून सानुग्रह अनुदान किंवा सणाची उचल मिळण्याची शक्यता असते. ठेकेदाराकडच्या कामगाराची दिवाळी पुष्कळदा रोजंदारीवरच निघते, त्यामुळे वाटणीत त्याचा वाटा थोडा जास्त ठेवणे मला न्याय्य वाटते.

किती द्यावे, याला नियम नाही. घरटी सुटे पैसे देण्यापेक्षा कॉलनीने वर्गणी काढणे बरे, कारण चाळीस घरांनी प्रत्येकी शंभर रुपये दिले तरी चार हजार जमतात आणि चौघांच्या हाती प्रत्येकी हजार पडतात. शिवाय ज्याला शंभरही जड जातात त्याने पन्नास दिले, तरी ते चारचौघांत उघडे पडत नाही. हिशेब वहीत लिहावा आणि वाटपाला दोन-तीन घरांतील माणसे हजर असावीत. आमच्या कॉलनीत एका वर्षी सगळी पाकिटे सोयीसाठी एकाच मध्यस्थाच्या हवाली केली आणि त्यांतली दोन पोहोचलीच नाहीत, हे आम्हाला संक्रांतीला कळले. तेव्हापासून पाकिटावर नाव लिहून ज्याचे त्याच्याच हाती देतो.

वेळ वसुबारसेच्या आधीची असावी. मुलांचे कपडे, तेल, डाळ, साखर यांची खरेदी धनत्रयोदशीपर्यंत उरकलेली असते, त्यामुळे भाऊबीजेला मिळालेले पाकीट केवळ उसनवारी फेडण्याच्या कामी येते. फराळाचेही तसेच आहे. सगळ्या घरांनी एकाच दिवशी चिवडाच दिला, तर त्या घरात चिवड्याचे डबे उभे राहतात. त्यापेक्षा पाकिटासोबत तेलाची पिशवी किंवा साखर द्यावी आणि फराळ द्यायचाच असेल तर पाहुण्याला देतो तसा ताजा, झाकणाच्या डब्यात द्यावा. उरलेसुरले अन्न लांबून पदरात टाकण्याची जी जुनी रीत होती, ती कोणत्या जातिव्यवस्थेतून आली हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. म्हणून पाकीट कठड्यावर ठेवू नये, गाडीवर फेकू नये. फाटकाबाहेर येऊन, ‘अहो भाऊ’ म्हणून हातात द्यावे. वापरलेले कपडे एरवी विचारून जरूर द्यावेत, पण त्यांना पोस्त म्हणू नये. (लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरांना हे वेगळे सांगावे लागते, याची गंमत वाटते.) पाकीट देतानाचा फोटो समूहावर टाकण्याचा मोहही आवरावा.

पोस्त दिली म्हणजे बांधकामाचा राडारोडा किंवा जुनी गादी गाडीत टाकण्याचा हक्क मिळाला, असे समजू नये. उलट दिवाळीच्या आठवड्यात साफसफाईमुळे कचरा एकदम वाढतो, तेव्हा खरी कदर कचरा बांधण्याच्या पद्धतीत दिसते. 2016 च्या घनकचरा नियमांनीच ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची जबाबदारी घरावर टाकली होती. प्रत्यक्षात तो एकत्र आला की मदतनीसाला हात घालून निवडावा लागतो. फुटलेली काच, ब्लेड आणि सुया जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे ठळक लिहून वेगळ्या द्याव्यात. सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून स्वतंत्र द्यावेत. फटाक्यांचा कचरा रात्री बादलीभर पाण्यात भिजवून सकाळी द्यावा, कारण त्यात एखादा न फुटलेला फटाका किंवा धुमसती वात राहिली, तर कागद-प्लास्टिकने भरलेली गाडी पेट घेऊ शकते. पणत्यांतले उरलेले तेल कागदाने टिपून घ्यावे.

पैशांखेरीज आणखी एक गोष्ट फार थोडे लोक करतात. एखादा कामगार वर्षभर नीट काम करत असेल, तर त्याचे नाव, प्रभाग आणि कामाचा तपशील लिहून पालिकेच्या आरोग्य विभागाला कॉलनीच्या सह्यांचे पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि एक प्रत त्या कामगाराला द्यावी. तक्रारींचे कागद तिथे रोज जातात, कौतुकाचा क्वचितच. आणि ठेका बदलल्यावर नव्या ठेकेदाराला दाखवायला त्या कामगाराजवळ निदान एक कागद असतो.

खानदेशात मात्र दिवाळीइतकीच मोलाची वेळ आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मे महिन्यांत पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि गाडीची फेरी कधी कधी अकरा-बारापर्यंत लांबते. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. त्याच दिवसापासून मृगापर्यंत फाटकापाशी सावलीत एक माठ भरून ठेवावा. रोज पाणी बदलावे, आठवड्यातून एक-दोनदा ताक किंवा लिंबाचे सरबत द्यावे, डोक्याला बांधायला एक मोठा सुती रुमाल द्यावा. पाणी वरून ओंजळीत ओतू नये. घरात ज्या पेल्याने आपण पितो, तोच माठावर ठेवावा.