जावामध्ये डेटाबेसचं एक्सेप्शन लॉग करताना खरं कारण हातचं घालवू नका

कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट तिन्ही ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये उघडा, म्हणजे ती आपोआप बंद होतात. २०११ च्या जावा ७ पासून ही सोय आहे, फायनलीमध्ये क्लोज लिहीत बसू नका. रिकामा कॅच तर कधीच नको.

आता खरी अडचण. निपाणीकडच्या एका डेअरीचं काम करत होतो, दूध संकलनाच्या नोंदी बॅचनं (एकगठ्ठा) पोस्टग्रे डेटाबेसमध्ये जायच्या. दहा दिवसांच्या बिलाच्या आदल्या रात्री बॅच अडकली आणि लॉगमध्ये एवढंच की बॅच रद्द झाली. मी कॅचमध्ये नुसतं गेटमेसेज, म्हणजे एक्सेप्शनचा वरचा मेसेज, छापलेलं. रात्रभर शोधून पहाटे कारण सापडलं, एका सभासदाची एकाच पाळीची नोंद दोनदा पडलेली, तोवर बाहेर माणसं कॅन घेऊन उभी होती आणि बिल काही तयार नव्हतं.

एसक्यूएलएक्सेप्शन, म्हणजे डेटाबेसचं एक्सेप्शन, दरवेळी एकटंच येतं असं नाही बघा, त्याच्या मागं दुसरं (नेक्स्ट) बांधलेलं असू शकतंय. गेटनेक्स्टएक्सेप्शन नल देईपर्यंत लूप फिरवा आणि प्रत्येकाचं एसक्यूएलस्टेट (चुकीचा पाच अक्षरी ठरावीक कोड), एररकोड (त्या डेटाबेसचा स्वतःचा नंबर), मेसेज तिन्ही लिहा. "स्टॅकट्रेसमध्ये सगळं येतंय की" असं लय जण सांगतात, ते चूक आहे. त्यात कॉज येतं, नेक्स्ट येत नाही. फॉर-इच लूप सरळ एक्सेप्शनवरच चालवला तर नेक्स्ट आणि कॉज दोन्ही मिळतात, जावा ६ पासून.

मेसेजमधले शब्द शोधून निर्णय घेऊ नका, सर्व्हरची भाषा बदलली की मेसेजही बदलतो. एसक्यूएलस्टेट बघा. पोस्टग्रेत २३५०५ म्हणजे डुप्लिकेट, तिथं परत प्रयत्न करून उपयोग नाही, नोंदच दुरुस्त करायची. ४०००१ (दोन ट्रान्झॅक्शनची टक्कर) किंवा ४०पी०१ (डेडलॉक, दोघं एकमेकांसाठी अडून बसलेले) आलं तर अख्खं ट्रान्झॅक्शन रोलबॅक करून परत चालवा, नुसती शेवटची क्वेरी नव्हे. ०८ नं सुरू झालं तर कनेक्शनचं दुखणं. मायएसक्यूएलवर डुप्लिकेटला स्टेट २३००० आणि एररकोड १०६२ येतो, तेव्हा दोन्ही तपासा.

एसएलएफफोरजे या लॉगिंग लायब्ररीत एक्सेप्शन शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून अख्खं द्या, त्याच्यासाठी मेसेजमध्ये {} कंस ठेवू नका. लॉग करून परत थ्रो करायची सवय सोडा, एकच चूक तीन ठिकाणी दिसते आणि तीन चुका झाल्यासारखं वाटतं. एकदाच लिहा, सगळ्यात वरच्या थरात, सोबत सभासद नंबर आणि पाळी. पासवर्ड, बँक खातं लॉगमध्ये नको.

काउंटरवरच्या माणसाला मात्र मराठीत नाहीतर कन्नडात एक साधी ओळ आणि तक्रार नंबर दाखवा, तोच नंबर लॉगमध्येही पडू दे.