एमएनसीत उडी मारण्याआधी लेटरहेडचा तळ वाचा

ठाण्यात एका लग्नाच्या पंगतीत मावशीने विचारलं, "सध्या कुठे गं?" मी गळ्यातल्या पट्ट्यावरचं नाव सांगितलं. बाहेरची, बड्या नावाची कंपनी, म्हणजे एमएनसी, अनेक देशांत पसरलेली. मावशीने ते नाव शेजारच्या बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात परत उच्चारलं. तिला एक गोष्ट मी सांगितली नाही. माझा पगार ती कंपनी देतच नव्हती. मी होते माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीच्या पेरोलवर, आणि हे मलाही पहिला पगार जमा झाल्याच्या मेसेजवरून कळलं होतं. अकरा महिन्यांनी प्रोजेक्ट संपला आणि पट्टा ऐरोलीच्या गेटवर जमा झाला.

तेव्हा ऑफर लेटर आलं की आकड्याआधी लेटरहेडचा तळ बघा. तिथे बारीक टायपात 21 अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक असतो. कंपनी कायदा 2013 प्रमाणे तो छापावाच लागतो. सुरुवातीला एल असेल तर कंपनी शेअर बाजारात लिस्टेड, यू असेल तर नाही. पुढे उद्योगाचे पाच आकडे, मग राज्य (आपलं एमएच), मग नोंदणीचं साल. त्यानंतरची तीन अक्षरं कामाची: पीटीसी म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, पीएलसी म्हणजे पब्लिक लिमिटेड, एफटीसी म्हणजे परदेशी कंपनीची उपकंपनी. एफटीसी दिसलं नाही म्हणून लगेच फसवणूक समजू नका. हिंदुस्तान युनिलिव्हर परदेशी मालकीची, पण तिच्या सीआयएनमध्ये पीएलसीच आहे. प्रश्न एवढाच, की हे नाव आणि तुम्हाला मुलाखतीत सांगितलेलं नाव एकच आहे का? शंका आली तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाका, पत्ता आणि स्थिती फुकट दिसते. आणि एचआरला मेलवर सरळ विचारा, "मी कोणाच्या पेरोलवर असेन?" फोनवरचं उत्तर धरू नका.

नावाच्या वजनाचं म्हणाल तर ते फार फसवं असतं. बाटा आपल्याला घरचीच वाटते, ती 1894 साली झ्लीनमध्ये, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात सुरू झाली. ब्रिटिश वाटणारी जग्वार मोटार 2008 पासून टाटांची. त्यामुळे 'एमएनसी आहे का' यापेक्षा 'टीम कुठली, मॅनेजर कुठे बसतो, शिफ्ट कुणाच्या घड्याळाने' हे विचारा. अमेरिकेची वेळ असेल तर महापेहून रात्री घरी सोडायला कॅब आहे का, तेही. ट्रान्स-हार्बर मार्गाची शेवटची लोकल तुमच्या कॉलसाठी थांबत नाही.

आता पैसे. 12 लाखांचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे महिन्याला लाख नव्हे. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, 6 लाख. कंपनीचा पीएफ बेसिकच्या 12 टक्क्यांनी 72,000, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) 4.81 टक्क्यांनी 28,860, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) 1,20,000. हे तिन्ही वजा केले की उरतात 9,79,140, म्हणजे महिना 81,595. त्यातून तुमचा पीएफ 6,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात साधारण 75 हजार. व्हेरिएबल गेल्या वर्षी किती टक्के मिळालं, हे आधी तिथल्याच एखाद्या कर्मचाऱ्याला विचारा.

सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत पेपर टाकू नका, म्हणजे राजीनामा देऊ नका. नोटीस 90 दिवसांची असेल तर बायआउटचे, म्हणजे नोटीस न भरता लवकर सुटण्याचे पैसे कोण देणार, हे लेखी घ्या. ग्रॅच्युइटीसाठी नेहमीच्या कायम नोकरीत 5 वर्षं लागतात. साडेचार झाली असतील तर कॅलेंडर काढून बसा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावर) ट्रान्सफर करा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या पगाराचा हिशोब नव्या कंपनीला आयकराच्या ठरलेल्या फॉर्मवर द्या. नाही दिला तर दोन्ही ठिकाणी तुम्ही कमी पगाराचे ठरता, टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा आयकर) कमी कापला जातो, आणि रिटर्न भरताना उरलेला कर व्याजासकट भरावा लागतो. माझ्या हातात असे दोन फॉर्म 16, म्हणजे पगार आणि करकपातीचे कंपनीचे दाखले होते. मावशीने तेव्हाही विचारलं, "सध्या कुठे गं?" मी म्हटलं, "ऐरोलीला."