वाकवा आणि वीज पाहा: चकती, दोन एलईडी आणि एक खोडरबर

बारावीच्या मुलांकडून मी हा प्रयोग करून घेते, तेव्हा चकतीच्या आधी हातात खोडरबर देते. त्याच्या लांब कडेवर पेनाने सारख्या अंतरावर आठ-दहा उभ्या रेघा मारा आणि तो कमानीसारखा वाकवा. वर रेघा फाकतात, खाली जवळ येतात, मधोमध अंतर तेवढंच राहतं. वरून खाली ताण असा बदलत जातो. हे डोळ्यांत नीट भरेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता बझरमधली २७ मिमीची पीझो चकती (दाबली किंवा ताणली की वीज देणारी) घ्या, पितळेवर पांढरं सिरॅमिक असलेली. दोन लाल एलईडी उलटसुलट जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाशी, आणि ही जोडी चकतीच्या दोन तारांना लावा. चकती बाटलीच्या झाकणाच्या काठावर ठेवा, अंधार करा आणि पेन्सिलीच्या रबरी टोकाने मधोमध झटकन दाबा. एक एलईडी लुकलुकतो, सोडलं की दुसरा. जोर बेताचा ठेवा, सिरॅमिकला लगेच तडा जातो.

पितळ कशाला? नुसतं सिरॅमिक वाकवलं तर वरचा अर्धा ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि दोघांचे प्रभार एकमेकांना खोडतात. पितळ चिकटवल्यामुळे न ताणली जाणारी मधली पातळी खाली पितळेकडे सरकते आणि सिरॅमिकमधले प्रभार पूर्ण खोडले जात नाहीत.

पण ज्या पदार्थात साध्या ताणाने काहीच घडत नाही, तिथेही वाकवल्यावर ध्रुवीकरण होतं, अगदी साध्या प्लास्टिकमध्येसुद्धा. वर-खाली असा फरक पडला की अणूंच्या मांडणीतली सममिती मोडते आणि धन-ऋण प्रभारांची केंद्रं सरकतात. ही फ्लेक्झोइलेक्ट्रिसिटी. ती साधारण किती असेल याचा अंदाज भौतिकशास्त्रज्ञ कोगन यांनी १९६४ मध्ये मांडला. एलईडी पेटण्याइतकी ती नसते, पण पदार्थ पातळ झाला की वाढते. १ मिमीची पट्टी १ मीटर त्रिज्येत वाकवा किंवा १० मायक्रॉनची फिल्म १ सेंटिमीटर त्रिज्येत. पृष्ठभाग दोन्हीकडे ०.०५ टक्केच ताणला जातो, फिल्ममध्ये मात्र ताणाचा उतार, म्हणजे वरून खाली ताण बदलण्याचा दर, १०० पट असतो.

ती मोजायला पट्टीच्या दोन्ही बाजूंना वीज वाहून नेणारा चांदीचा रंग लावून प्रभार-प्रवर्धक (अगदी थोडा प्रभार मोजता येईल इतका मोठा करून दाखवणारं उपकरण) जोडावा लागतो. केबल टेबलाला टेपने घट्ट चिकटवा. हललेली केबल स्वतःच प्रभार तयार करते. एमएस्सीला असताना मी तीन दिवस तोच मोजत होते. पट्टी न वाकवता नुसती केबल हलवून पाहा, काटा स्थिर राहिला तरच मोजायला घ्या.