मुंबईतून एफएएचं ए अँड पी काढायचंय? आधी अनुभवाच्या पत्राच्या मागे लागा

कलिना-सांताक्रूझच्या हँगरमधली बरीच पोरं विचारतात की डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं) एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचं लायसन्स आहे, त्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, म्हणजे एफएएचं, ए अँड पी (एअरफ्रेम म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पॉवरप्लांट म्हणजे इंजिन, यांच्या कामाचं मेकॅनिक सर्टिफिकेट) मिळेल का. नाही मिळत. बी१ (मेकॅनिकल कामाचं) असो की बी२ (इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचं), एफएए बाहेरचं लायसन्स बदलून देत नाही, परीक्षा पहिल्यापासून द्यायच्या. पण इथला अनुभव धरतात, आणि सगळं अडतं ते तिथेच.

वय १८ पूर्ण हवं, इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता आलं पाहिजे. नुसतं एअरफ्रेम किंवा नुसतं पॉवरप्लांट हवं तर १८ महिन्यांचा अनुभव, दोन्ही एकदम हवं तर ३० महिने.

आता पत्र. "आमच्याकडे टेक्निशियन होता, वर्तणूक चांगली" असलं एचआरचं छापील पत्र काही कामाचं नाही. तारखा कधीपासून कधीपर्यंत, विमानं कुठली, इंजिनं कुठली, आणि स्वतःच्या हाताने काय केलं ते लिहून घ्या, म्हणजे लँडिंग गिअर काढून बसवलं, ब्रेक बदलले, इंजिन चेंजला होतो, बोरस्कोप (इंजिनच्या आत बघायचा कॅमेरा) केलं, शीट मेटल रिपेअर केलं असं सगळं. एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटची कामं वेगवेगळी दिसली पाहिजेत, बी२वाल्यांनी तर इथे जास्तच जपा. शिवाय हा अनुभव खरा आहे असं डीजीसीएचं सहीचं ओरिजिनल पत्रही मागतात. जुन्या कंपनीतले क्वालिटीचे साहेब रिटायर व्हायच्या आत सह्या घेऊन ठेवा, नंतर कोण कुणाला ओळखतं!

भारतात बसून अर्ज करायचा तर अमेरिकेत रजिस्टर असलेल्या विमानांच्या कामासाठी हे सर्टिफिकेट लागतंय हे दाखवावं लागतं, म्हणून ज्यांचं तसं काम नाही त्यांना तिकडे जाऊनच करावं लागतं. तिथल्या एफएए ऑफिसात अर्जाच्या फॉर्म ८६१०-२ च्या दोन प्रती, पासपोर्ट आणि ही पत्रं घेऊन इन्स्पेक्टरला भेटायचं, तो खोदून खोदून विचारतो, पटलं की फॉर्मवर सही करतो आणि मगच परीक्षेला बसता येतं. जनरल पेपरचे ६० प्रश्न, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटचे १००-१००, पासिंग ७० टक्के. मग एग्झामिनरसमोर ओरल-प्रॅक्टिकल, तिथे सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) उलट्या बाजूने ओढली तर ते लगेच पकडतात, त्यामुळे हात चालू ठेवा. हे सगळं २४ महिन्यांत आटपायचं.

२०२५ पासून एक नवीन भर पडलीय, अमेरिकेत पत्ता नसेल तर कागदपत्रं स्वीकारायला तिथला एक एजंट नेमून कळवावा लागतो. आणि सर्टिफिकेट म्हणजे नोकरीचा व्हिसा नव्हे, तो वेगळा काढायचा, हे घरच्यांनाही आधीच सांगा.