वाडीतल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या सहभागाचा अभ्यास कसा करावा

समाजकार्याचे विद्यार्थी, विशेष शिक्षणाचे प्रशिक्षणार्थी किंवा स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या अभ्यासासाठी कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीत जातात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा एक प्रश्नावली असते आणि ती आईने सांगितलेल्या उत्तरांवरून भरायची असते. आई सांगते, वडील दुरुस्ती करतात, शेजारी दोन शब्दांची भर घालतात, आणि ज्याच्याविषयी हे सगळे चालले आहे तो पडवीच्या कोपऱ्यात बसून ऐकत असतो. अशा अभ्यासातून घरच्यांचे कष्ट कळतात आणि ते कळायलाच हवेत. परंतु त्या व्यक्तीला गावात जागा कितपत आहे आणि कोणत्या मदतीने ती वाढेल, याचा पत्ता लागत नाही. म्हणून अभ्यासाची सुरुवात त्या कोपऱ्यातल्या माणसापासून करावी.

आपण कोणाविषयी बोलतो आहोत, हे आधी पक्के करावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले आहेत. त्यातील बौद्धिक दिव्यांगत्वाच्या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र येतात: विचार करणे, शिकणे, अडचण सोडवणे यांतील लक्षणीय मर्यादा आणि रोजच्या सामाजिक व व्यावहारिक कौशल्यांतील मर्यादा. त्यामुळे केवळ बुद्ध्यांकाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. ही स्थिती बालपणापासून असते. मानसिक आजार कोणत्याही वयात येऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. गावात मात्र ‘खुळा’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो, आणि नोंद करताना तो गोंधळ आपल्या वहीत शिरू देऊ नये.

घरे शोधताना सरकारी यादीवर विसंबून राहू नये. २०११ च्या जनगणनेत या प्रकारात देशभरात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली, पण ती घरच्यांनी प्रगणकाला जे सांगितले त्यावर आधारलेली होती. चाळिशी ओलांडलेली, कधीच शाळेत न गेलेली, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसलेली माणसे अशा यादीतून हमखास सुटतात. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि वाडीतल्या जुन्या बायका यांच्याशी बोलावे. ‘तुमच्याकडे मतिमंद कोण आहे?’ असे विचारले की दार बंद होते. ‘वाडीत असं कोण आहे ज्याला रोजच्या कामात कुणाची तरी सोबत लागते?’ असे विचारले तर लोक मोकळेपणाने सांगतात. भावंडे मुंबईला चाकरमानी आणि गावात थकलेले आई-वडील व हा एकटा, अशी घरे वेगळी टिपून ठेवावीत, कारण ‘आमच्यानंतर याचं कोण करणार?’ हा तिथला सर्वांत मोठा प्रश्न असतो.

परवानगी ही कागदावरची औपचारिकता समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या सहाव्या कलमानुसार, दिव्यांग व्यक्तीवर कोणतेही संशोधन करण्यापूर्वी तिला समजेल अशा माध्यमातून माहिती देऊन तिची मुक्त संमती घ्यावी लागते आणि शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्वविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगीही लागते. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असावेत, असेही कलम सांगते. पालकांची सही आवश्यक असेल तेथे जरूर घ्यावी, पण ती त्या व्यक्तीच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. चार चित्रांचा एक साधा कागद करावा: आम्ही कोण, काय विचारणार, ते कोणाला सांगणार, आणि नको असेल तर काय करायचे. चौथे चित्र सर्वांत महत्त्वाचे. उठून आत जाणे, पाठ फिरवणे, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणणे, हेही नकारच आहेत, आणि ते पाहून थांबणे ही आपली जबाबदारी आहे. काल दिलेली संमती आजही आहे, असे गृहीत धरू नये; प्रत्येक भेटीत नव्याने विचारावे.

प्रश्न विचारण्याची पद्धत हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे आणि येथे मी स्वतः मोठी चूक केलेली आहे. पहिल्या अभ्यासात मी एका तरुणाला विचारले, ‘वाडीत सगळे तुमच्याशी नीट वागतात ना?’ तो म्हणाला, ‘हो.’ ते उत्तर मी समाधानाने लिहून घेतले. अर्ध्या तासाने दुसऱ्या संदर्भात विचारले, ‘कुणी चिडवतं का?’ त्यालाही तो तितक्याच तत्परतेने ‘हो’ म्हणाला. त्या दिवशी भरलेले सगळे कागद मला बाजूला ठेवावे लागले. अमेरिकेत कॅरोल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हीच गोष्ट संशोधनातून मांडली होती: बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना होय-नाही स्वरूपाचे प्रश्न विचारले की होकाराकडे कल दिसतो, त्यामुळे एकच गोष्ट उलटसुलट करून विचारली तरी दोन्ही वेळा ‘हो’ येऊ शकते. आयुष्यभर मोठ्यांचे ऐकायला शिकवलेल्या माणसाने पाहुण्याला ‘हो’ म्हणावे, यात नवल नाही. आपल्या बोलण्यातला शेवटचा ‘ना’ तर उत्तर आधीच ठरवून टाकतो. तो ‘ना’ प्रश्नावलीतून काढून टाकावा.

त्याऐवजी चित्रे वापरावीत. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात विकसित झालेल्या एका पद्धतीत चटईसारख्या तुकड्यावर आवडते, नक्की नाही आणि आवडत नाही असे तीन भाग करतात आणि व्यक्ती चित्रे उचलून हव्या त्या भागात ठेवते. हे काम आपल्याकडे एखाद्या जुन्या गोणपाटावरही होते. चित्रे मात्र त्याच वाडीतली हवीत: विहीर, देऊळ, किनाऱ्यावर ओढले जाणारे रापणीचे जाळे, एसटीचा थांबा, रेशनचे दुकान. काही चित्रे दुसऱ्या दिवशी वेगळ्या क्रमाने पुन्हा द्यावीत आणि उत्तर तेच राहते का ते पाहावे. ‘कधी’ आणि ‘का’ हे प्रश्न कठीण जातात. तारखेऐवजी ‘शिमग्याच्या आधी की नंतर’ असे विचारावे. घरात मालवणी बोलत असतील तर मालवणीत, कोकणी मुसलमानांच्या घरात त्यांच्या बोलीत बोलावे किंवा ती बोली येणारा सोबती न्यावा. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहावे. दहा सेकंद शांत बसणे आपल्याला जड जाते, पण उत्तर त्या शांततेनंतरच येते.

बोलण्याइतकेच पाहणेही महत्त्वाचे आहे. मे महिन्यात एका घराच्या खळ्यात आमसुले घालण्याचे काम चालू होते. तिशीतल्या मुलीविषयी आई म्हणाली, ‘हिला काय पण येत नाय, मोजूक पण येत नाय.’ मी दोन तास शेजारी बसून राहिलो. ती मुलगी रातांब्याच्या साली रसात बुडवून पसरत होती, आणि त्या पसरायच्या चटईशेजारी फरशीवर कोळशाने सात खुणा केलेल्या होत्या. रसाचे एक पूट देऊन झाले, म्हणजे साली एकदा बुडवून वाळल्या, की ती एका खुणेवर एक खडा ठेवी. सगळ्या खुणा भरल्या की माल तयार. खुणांची ही रीत काकूने घालून दिली होती, त्यालाही दोन वर्षे झाली होती, आणि घरातल्या कोणालाही ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती. ‘मोजता येत नाही’ हे वाक्य खरेच होते. पण मोजण्याची गरजच उरू नये, अशी मदत घरातच तयार झाली होती. अभ्यासकाने नेमके हेच शोधायचे असते.

म्हणून वहीत ‘काय येत नाही’ असा रकाना ठेवूच नये. अमेरिकेतील बौद्धिक दिव्यांगत्वविषयक संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले मदतीची गरज मोजण्याचे मापन प्रत्येक कामासाठी तीन गोष्टी विचारते: मदत किती वेळा लागते, दिवसातून किती वेळ लागतो आणि कोणत्या प्रकारची लागते. मदतीच्या प्रकारात आठवण करणे, तोंडी सांगणे, हाताला धरून करवणे अशा पायऱ्या असतात. त्यांच्या जोडीला मी चौथा रकाना ठेवतो: ही मदत कोण देते, आणि ती व्यक्ती आजारी पडली तर कोण देईल. बहुतेक घरांत हा रकाना रिकामा राहतो.

सहभाग नोंदवताना हजेरी आणि वाटा यांत फरक करावा. शिमग्याच्या पालखीबरोबर चालणारा माणूस हजर असतो. पण त्याला अबदागिरी धरायला देतात का, तो आला नाही तर कोणी बोलवायला जाते का, प्रसाद वाटताना त्याच्या हाती ताट देतात का, हे प्रश्न वेगळे आहेत. सणाच्या दिवशी चाकरमानी आलेले असतात आणि सगळेच मायेने वागतात, म्हणून एक दिवस सणाचा आणि निदान तीन दिवस साधे, असे निरीक्षण ठेवावे. मच्छीमार वस्तीत १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात आणि पुरुष घरी भेटतात. आंबा काढणीच्या दिवसांत मुलाखती मागू नयेत. कामाला हात लावून सोबत बसायचे असेल तर मात्र तेच दिवस उत्तम.

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींपैकी एक-दोघांना अभ्यासात सहकारी म्हणून घ्यावे: चित्रे निवडायला, प्रश्न तपासायला, दुसऱ्यांना भेटायला जाताना सोबत यायला. त्यासाठी इतरांइतकाच मोबदला द्यावा, आणि तो शक्यतो त्यांच्याच हातात.

लिहिताना गुप्तता कसोशीने पाळावी. शहरातील अभ्यासात नाव बदलले की काम भागते. शंभर घरांच्या वाडीत ‘भजनात टाळ वाजवणारा एक तरुण’ म्हटले, तरी तो कोण हे सगळ्यांना कळते. त्यामुळे वय, काम आणि नाते यांपैकी काही तपशील बदलावे आणि घरातल्या भांडणाची किंवा मारहाणीची माहिती गावात वाचल्या जाणाऱ्या प्रतीत घालू नये. मारहाण किंवा लैंगिक त्रास लक्षात आला, तर अभ्यास थांबवून आधी त्या व्यक्तीच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी.

अहवालाची पहिली प्रत त्याच पडवीत न्यावी. चित्रांसह, मोठ्या अक्षरांत, एका बैठकीत वाचून होईल इतकीच ती असावी. आधी त्या व्यक्तीला दाखवावी. तिने ‘हे नको’ म्हटलेला भाग काढावा, आणि मग घरच्यांपुढे ठेवावी. ग्रामसभेपुढे जाताना मागण्या नेमक्या असाव्यात, कारण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते आणि ती कशावर करावी, हे सांगणारा अभ्यास बहुधा कोणाच्या हाती नसतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जायला गाडी, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचे अर्ज भरायला एक माणूस, एसटीच्या थांब्यावर चित्रांची पाटी, अशा गोष्टी मागाव्यात. सभेच्या दिवशी, जिच्याकडून हे सगळे कळले ती व्यक्ती यायला तयार असेल, तर तिच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची आधीच मागून ठेवावी.