बटाट्याच्या करप्यावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडच्या एका एमएस्सीच्या मुलीने आंबेगावच्या सातगाव पठारावरून करप्याची पानं आणली. पहाटेच्या एसटीने गेली, शेतकऱ्यांशी बोलली, प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी लावली. फक्त पानं प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधली. माळशेज उतरून ठाण्याला पोहोचेपर्यंत पिशव्यांना आतून घाम सुटला होता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये उघडल्या तर नुसता कुजका वास. बारा पिशव्या टाकून द्याव्या लागल्या, आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो. पानं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा, घडी कागदी पाकिटात घाला आणि पाकीट उन्हात ठेवू नका. एवढ्याने निम्मी कटकट वाचते.

पाकिटावर नुसतं ‘करपा’ लिहू नका. शेतकरी दोन वेगळ्या रोगांना करपा म्हणतो. लवकर येणाऱ्या करप्यात आधी खालच्या, जुन्या पानांवर तपकिरी ठिपके येतात, त्यांत एकात एक गोल वलयं दिसतात आणि कडेला पिवळसर पट्टा असतो. ही अल्टरनेरिया सोलानी नावाची बुरशी, पुढे बोलायचंय ते मुख्यतः हिच्याबद्दल. उशिरा येणारा करपा थंड, दमट हवेत झपाट्याने पसरतो. त्यात पानावर ओलसर काळपट डाग पडतात आणि सकाळी पान उलटलं की डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. तो फायटोफ्थोरा, आणि ती खरी बुरशीसुद्धा नाही. पीडीएवर (बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या अर्काच्या माध्यमावर) तो नीट वाढत नाही, त्याला राय अगार, म्हणजे राय धान्याचं माध्यम लागतं. शेतातच पान उलटून बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. पानाचा तुकडा माध्यमाच्या प्लेटवर ठेवला की तीन-चार दिवसांत काळपट हिरवी, भरघोस वाढ दिसते. मुलं खूश होतात आणि तीच उचलून पुढे नेतात. बहुतेक वेळा ती अल्टरनेरिया अल्टरनाटा असते. मेलेल्या पानावर ती मागाहून येऊन बसते, भराभर वाढते आणि खऱ्या गुन्हेगाराला झाकून टाकते. (बटाट्यावर ती स्वतःही ठिपके पाडते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.) सोलानी सावकाश वाढते, माध्यमात पिवळा-तांबूस रंग सोडते आणि बीजाणू द्यायला कुरकुरते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र शंका उरत नाही. अल्टरनाटाचे बीजाणू लहान, माळेत ओवल्यासारखे. सोलानीचा बीजाणू बहुधा एकटा, टोकाच्या शेपटीसारख्या चोचीसकट दीडशे ते तीनशे मायक्रॉन लांब, आणि चोच अंगाइतकी किंवा त्याहून लांब. एकदा पाहिला की विसरत नाही.

म्हणून तुकडा ठिपक्याच्या मधोमध कापू नका. तपकिरी भाग हिरव्याला भिडतो त्या रेषेवर कापा. एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) मिनिटभर, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणं, आणि टिपकागदावर नीट कोरडं करणं. ऑगस्टमध्ये ठाण्याच्या दमट हवेत ओला तुकडा ठेवलात तर प्लेट अॅस्परजिलस या दुसऱ्याच बुरशीची होते. बीजाणू येत नसतील तर वरची वाढ हलकेच खरवडा आणि प्लेट आळीपाळीने उजेडात-अंधारात ठेवा. मग एकाच बीजाणूपासून कल्चर, म्हणजे शुद्ध वाढ करा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं भेसळीवर उभं राहतं.

बुरशीची रोग पाडण्याची ताकद मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: रोग होतो का, आणि किती होतो? सोलानीच्या नमुन्यांत बहुतेक फरक ‘किती’चा असतो, म्हणून मोजमाप काटेकोर लागतं. एका मुलाने एका आयसोलेटला (एका नमुन्यातून वेगळ्या काढलेल्या बुरशीला) झाडाचं वरचं पान दिलं आणि दुसऱ्याला खालचं. दुसरा तिप्पट जहाल निघाला. पण हा रोग जुन्या पानालाच जास्त धरतो, फरक पानाच्या वयाचा होता! शेंड्यापासून मोजून सगळ्यांना त्याच क्रमांकाचं पान द्या. बीजाणू हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर) मोजा, मिलीलिटरला दहा हजारांच्या आसपास पुरतात. पहिला दिवसभर ओल सुटू देऊ नका आणि तापमान पंचवीसच्या जवळपास राखा. एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेल्या पानांचे आकडे मी मान्य करत नाही.

झाडं लावायला वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातून किलोभर बटाटे आणणारेही असतात. तिथे आग्रा, इंदूर, तळेगाव ही नावं मिळतात, ती गावांची, वाणांची नव्हे. शीतगृहातल्या मालावर कोंब न येण्याचं औषधही मारलेलं असू शकतं. वाणाचं नाव माहीत असलेलं बियाणं घ्या, उदाहरणार्थ कुफरी ज्योती. आणखी एक: वर्षभर प्लेटवरून प्लेटवर फिरवलेली बुरशी मवाळ होते. चाचणीआधी ती एकदा पानावर लावून, रोग आला की तिथून परत काढून घ्या.

आता प्रजाती आणि विविधता ठरवायला डीएनएकडे येऊ. जुन्या काळ्या वाढीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) अडवतं, म्हणून द्रव माध्यमातली पाच-सात दिवसांची कोवळी वाढ घ्या. नुसत्या आयटीएसवर (बुरशी ओळखायला नेहमी वापरतात त्या डीएनएच्या भागावर) प्रजाती ठरवू नका, जवळच्या प्रजातींत तो भाग जवळपास सारखाच असतो. कॅल्मोड्युलिन किंवा आरपीबी-2 हे जनुक जोडीला हवं. आरएपीडी (डीएनएच्या पट्ट्यांवरून नमुने ताडून बघायची पद्धत) स्वस्त आहे, पण आज आलेला पट्टा उद्या येईलच असं नाही. प्रत्येक नमुना दोनदा चालवा. एकाच वाफ्यातले दहा नमुने म्हणजे दहा वेगळ्या बुरशा नव्हेत, अनेकदा ते एकाच आईची लेकरं असतात. या बुरशीची लैंगिक अवस्था कोणाला सापडलेली नाही, तरी विविधता भरपूर दिसते. म्हणूनच खरी विविधता आणि आपल्या हातून झालेली भेसळ वेगळी ओळखता आली पाहिजे.

डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष आणि रोगाची ताकद बऱ्याचदा जुळत नाहीत. मुलं घाबरतात, न जुळणारे दोन-तीन आयसोलेट गुपचूप वगळतात. वगळू नका. जुळलं नाही असंच प्रबंधात लिहा.

शेतावर आणखी एक गोष्ट विचाराच. अॅझॉक्सिस्ट्रोबिन या बुरशीनाशकाच्या गटातली औषधं सोलानीवर कमी चालण्यामागे सायटोक्रोम-बी जनुकातला एफ129एल हा बदल असतो, आणि तो तुम्ही तपासू शकता. त्यासाठी शेवटची फवारणी कशाची आणि कधी झाली ते कळायला हवं. शेतकरी घरातून रिकामी बाटली आणून दाखवतो. लेबलचा फोटो काढा आणि फोटोचा क्रमांक तिथेच पाकिटावर पेन्सिलीने लिहा.